तिजोरीची गळती एका सॉफ्टवेअरने बंद होत नाही

विकसनशील देशांच्या सरकारी पैशाबद्दल एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, मजकूर साधारण असाच असतो: ‘या देशांकडे पैसा कमी नाही, तिजोरी गळते आहे. कोषागाराला चांगली संगणक प्रणाली द्या, तुटीवर कायद्याने मर्यादा घाला, न्यूझीलंडसारखी हिशेबपद्धत आणा, करांचे दर वाढवा. इच्छाशक्ती असेल तर दोन वर्षांत काम होतं.’

पैसा गळतो हे खरं आहे. सुचवलेले उपाय मात्र चुकीच्या जागी लागतात, आणि त्यावर खर्च झालेली वर्षं त्या देशांना परत मिळत नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘संगणक प्रणाली आली की चोरी थांबते’

मलावीत अशी प्रणाली होती. 2013 मध्ये उघड झालं की प्रणालीत शिरण्याचा अधिकार असलेल्या लोकांनी काहीही न पुरवणाऱ्या कंपन्यांना पैसे दिले आणि मग त्या नोंदी पुसून टाकल्या. हा प्रकार ‘कॅशगेट’ या नावाने ओळखला जातो. नोंद पुसली तरी पैसे बँकेतूनच गेले होते, आणि बँकेच्या विवरणपत्रात ते दिसत होते. रोखवही आणि बँक विवरण यांचा ताळमेळ दर महिन्याला घातला असता, तर फरक पुढच्याच महिन्यात समोर आला असता. ताळमेळ घालायला कागद-पेन्सिलही पुरते. ते काम होत नसेल, तर महागडी प्रणाली चोरीचा वेग तेवढा वाढवते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. सरकारी खर्च सहा टप्प्यांतून जातो: विधिमंडळाने मंजूर केलेली तरतूद, वित्त विभागाचं निधी वितरण, खर्चाची बांधिलकी (खरेदी आदेश किंवा करार), माल मिळाल्याची पडताळणी, देयक मंजुरी आणि प्रदान (प्रत्यक्ष पैसे देणं). बहुतेक ठिकाणी प्रणाली शेवटच्या दोन टप्प्यांवर बसवली जाते. पैसा मात्र तिसऱ्या टप्प्यावरच हातातून गेलेला असतो.

समजा आरोग्य खात्याची वर्षाची तरतूद 100 आहे आणि पहिल्या तिमाहीत 25 वितरित झाले. खात्याने औषधांचा 40 चा आदेश हाताने लिहून दिला. प्रणालीला त्याचा पत्ता नाही. औषधं आली, वापरली गेली, आणि देयक आलं तेव्हा आरोग्य खात्याकडे 25 च आहेत. उरलेले 15 थकले. पुढच्या वेळी पुरवठादार उशीर गृहीत धरून दर वाढवून लावतो किंवा निविदाच भरत नाही, आणि मग ओळखीने पैसे काढून घेऊ शकणारेच स्पर्धेत उरतात. भ्रष्टाचार इथे आधी नसला तरी येतो, कारण कोणाचं देयक आधी निघणार हे ठरवण्याची ताकद कोणाच्या तरी टेबलावर जमा होते.

यावरचा इलाज रुक्ष आहे. प्रणालीतून क्रमांक मिळाल्याशिवाय निघालेला खरेदी आदेश सरकारवर बंधनकारक नाही असा नियम करायचा, आणि तो पुरवठादारांनाही जाहीरपणे कळवायचा. पण हा नियम टिकण्यासाठी वित्त विभागाने निधीचा आकडा निदान तीन महिने आधी सांगायला हवा आणि तो पाळायला हवा. झांबियाने 1993 मध्ये ‘तिजोरीत असेल तेवढाच खर्च’ ही पद्धत आणली. महागाई आवरायला तिचा हेतू योग्य होता, पण महिन्याला किती पैसे येतील हे खात्यांना कळेना. निधी बेभरवशाचा झाला की खाती नियंत्रणाला वळसा घालून उधारीवर कामं काढतात. सरकारी वित्तव्यवस्था तपासण्याच्या ‘पेफा’ या आंतरराष्ट्रीय चौकटीत थकीत देयकांसाठी वेगळा निर्देशक आहे: गेल्या तीनपैकी किमान दोन वर्षांत थकबाकी एकूण खर्चाच्या 2 टक्क्यांपर्यंत असेल तर ‘अ’ श्रेणी, 10 टक्क्यांच्या वर गेली तर सर्वांत खालची. कोणत्याही देशाची प्रकृती पाहायची असेल, तर मी आधी हाच आकडा पाहीन.

सॉफ्टवेअरच्या आधी करायचं आणखी एक काम म्हणजे बँक खाती मोजणं. नायजेरियात 2015 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या सर्व जमा रकमा मध्यवर्ती बँकेतल्या एकल कोषागार खात्यात आणण्याचा आदेश निघाला, कारण सरकारी पैसा व्यापारी बँकांतल्या हजारो खात्यांत विखुरला होता. एका विभागाचा पैसा पडून असतो आणि त्याच दिवशी सरकार व्याजाने कर्ज काढतं. यादी करताना खात्याचा मालक, सह्यांचे अधिकार आणि शिल्लक या तीन गोष्टी प्रत्येक बँकेकडून लेखी घ्याव्या लागतात. सरकारी विभागांनी दिलेल्या यादीवर विसंबू नये. खाती एका झटक्यात रिकामी केली, तर बँकांची रोकड आटते. म्हणून टप्पे हवेत.

‘तुटीवर कायद्याने मर्यादा घाला’

श्रीलंकेने 2003 मध्ये असा कायदा केला: 2006 पर्यंत तूट जीडीपीच्या 5 टक्क्यांवर आणायची. मर्यादा गाठता आली नाही आणि पुढे उद्दिष्टंच सरकवली गेली. घानाने 2018 मध्ये 5 टक्क्यांचीच मर्यादा घातली, 2020 च्या महासाथीत ती स्थगित केली आणि डिसेंबर 2022 मध्ये बऱ्याचशा परदेशी कर्जाची परतफेड थांबवली.

साथीत मर्यादा बाजूला ठेवणं समजण्यासारखं आहे. माझा आक्षेप मर्यादा मोजण्याच्या पद्धतीवर आहे. तूट रोखीने मोजली, तर न दिलेलं देयक तुटीत येतच नाही. मार्चचं देयक एप्रिलमध्ये ढकलायचं, की कायदा पाळला गेला! दुसरी पळवाट सरकारी कंपन्यांची आणि हमीची. मोझांबिकमध्ये 2013-14 दरम्यान सरकारी हमीवर सुमारे 2 अब्ज डॉलरची कर्जं उचलली गेली. त्यांतली 1 अब्जांहून जास्त 2016 मध्ये उघड होईपर्यंत संसदेला ठाऊक नव्हती.

चिलीचा तुटीचा नियम टिकला, कारण तिथे 2001 पासून तो आधी पाळला गेला आणि कायदा 2006 मध्ये झाला. त्यातली कळीची तरतूद अशी: सरकारचा महसूल ज्यावर अवलंबून असतो त्या तांब्याचा दीर्घकालीन भाव किती धरायचा हे अर्थमंत्री ठरवत नाही, स्वतंत्र तज्ज्ञांच्या अंदाजांवरून ते ठरतं. भाव चढला की जास्तीचा पैसा बाजूला पडतो. तोच साठा 2009 च्या मंदीत खर्चाला आला.

‘न्यूझीलंडची हिशेबपद्धत आणा’

इथे थोडक्यात. न्यूझीलंडने उपार्जित लेखापद्धत (पैसे हातात येण्या-जाण्याची वाट न पाहता देणं-घेणं तयार होताच नोंदायचं आणि मालमत्तेचंही मूल्य धरायचं) स्वीकारली तेव्हा त्यांची साधी रोखवही वेळेवर बंद होत होती, लेखापरीक्षण वेळेत होत होतं आणि करार पाळले जात होते. जिथे वर्षाचे हिशेब वर्षानुवर्षं विधिमंडळापुढे येत नाहीत, तिथे रस्ते-इमारतींचं मूल्यांकन करायला माणसं बसवणं म्हणजे मोजक्या लेखापालांचा वेळ वाया घालवणं.

‘करांचे दर वाढवा’

दर कागदावर असतो, कर नोंदणीतून येतो. श्रीलंकेने 2019 च्या अखेरीस व्हॅटचा (मूल्यवर्धित कराचा) दर 15 वरून 8 टक्के केला, आणि नोंदणीची वार्षिक उलाढालीची मर्यादा 1.2 कोटी रुपयांवरून 30 कोटींवर नेली. चर्चा दराची झाली, पण दुसऱ्या निर्णयाने करदातेच यादीतून बाहेर पडले. दर एका अधिसूचनेने परत चढवता येतो. यादी परत भरायला मात्र वर्षं लागतात. एप्रिल 2022 मध्ये त्या देशाने परदेशी कर्जफेड थांबवली. कारणं अनेक होती, पण महसुलाचा हा खड्डा त्यांत मोठा होता.

जॉर्जियाने उलटा रस्ता घेतला. 2004 नंतर करांची संख्या 21 वरून 7 वर आणली, कित्येक दर कमी केले, आणि तरीही जीडीपीतला कराचा वाटा ठळकपणे वाढला, कारण वसुलीची यंत्रणाच बदलली.

आणखी एक जागा सहसा नजरेतून सुटते, ती व्हॅटच्या परताव्याची. तिजोरीत खडखडाट झाला की निर्यातदारांनी आधी भरलेल्या आणि त्यांना परत मिळायच्या व्हॅटचे परतावे अडवले जातात. महसुलाचा आकडा फुगलेला दिसतो, प्रत्यक्षात ते बिनव्याजी सक्तीचं कर्ज असतं. निव्वळ महसूल पाहताना अडकलेले परतावे वजा करावेत.

‘इच्छाशक्ती असेल तर दोन वर्षांत होतं’

युगांडात 1996 मध्ये प्राथमिक शाळांच्या अनुदानाची पाहणी झाली. 1991 ते 95 या काळात केंद्राने सोडलेल्या बिगर-वेतन अनुदानापैकी सरासरी 13 टक्केच शाळांपर्यंत पोचले होते, बहुतेक शाळांना काहीच मिळालं नव्हतं. मग जिल्ह्याला किती पैसे गेले हे वर्तमानपत्रांत छापलं जाऊ लागलं आणि शाळेच्या भिंतीवर लावलं जाऊ लागलं. 2001 पर्यंत, म्हणजे पाच वर्षांनी, हे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेलं. सगळं श्रेय वर्तमानपत्रांना देता येत नाही, कारण त्याच काळात अनुदानाची रक्कम वाढली आणि देखरेखही बदलली. गळती सापडली होती ती दोन कागद शेजारी ठेवल्यामुळे: एक राजधानीतलं वितरणपत्र, दुसरी शाळेची जमा नोंदवही. कोषागाराची प्रणाली पैसा जिल्ह्यावर पोचला की थांबते. शाळेची नोंदवही कोणीतरी तिथे जाऊनच उघडावी लागते.