‘घोडा कोंडून नाचवता, आणि त्याला खेळ म्हणता’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तबेल्याच्या दिनक्रमावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. तुमचं लहानपण फलटणकडे गेलं. धनगरांची मेंढरं तुमच्या शेतात बसायला यायची, त्यांची घोडी दिवसभर मोकळी चरायची. त्यापुढे आमचे घोडे बारा बाय बारा फुटांच्या खोलीत कोंडलेले. त्यांना लगाम खेचून वरातीतल्या घोड्यासारखं नाचवायचं आणि ड्रेसाज (स्वाराच्या हलक्या इशाऱ्यांवर घोड्याने ठरावीक चाली करून दाखवायचा खेळ) असं भारी नाव द्यायचं, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराच्या हाती काय पडतं, आणि घोडा म्हातारा झाल्यावर त्याचं काय होतं, हे मात्र कुणीच लिहीत नाही.

धनगराच्या घोडीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. ती बहुधा भीमथडी घोडी, आपल्या भागातली जुनी जात. तिचं आयुष्य काही आरामाचं नसतं. पाठीवर सगळा बिऱ्हाड-बाजार: भांडी, वाकळा, खुराडं, नुकती जन्मलेली कोकरं. रात्री पुढचे दोन्ही पाय बांधलेले. तरीही ती ठणठणीत असते, कारण ती दिवसभर चालते, दिवसभर खाते आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात दुसरी घोडी असतात. घोड्याचं शरीर या तीन गोष्टींवर उभं आहे. त्याचं जठर देहाच्या मानाने लहान, दहा-पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. चघळताना सुटणारी लाळ हेच त्यावरचं औषध. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे चौदा ते सोळा तास चरत असतो. त्याला दोन वेळा घमेलंभर चंदी, म्हणजे दाणा, घालून मधले दहा तास उपाशी उभं ठेवलं, तर ती खोली हवाई अड्ड्याएवढी मोठी असली तरी त्याला जठरात जखमा होणार.

तेव्हा खोलीच्या मापाबद्दल. जर्मनीच्या केंद्रीय मंत्रालयाने २००९ साली घोडे पाळण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ठाणाचं, म्हणजे घोड्याच्या खोलीचं, किमान क्षेत्रफळ काढायची साधी रीत दिली आहे: घोड्याची खांद्यापर्यंतची उंची मोजा, तिची दुप्पट करा आणि त्या आकड्याचा वर्ग करा. एक मीटर साठ सेंटिमीटरच्या घोड्याला साधारण सव्वादहा चौरस मीटर, म्हणजे एकशेदहा चौरस फूट. बारा बाय बारा म्हणजे एकशे चव्वेचाळीस. पण याच कागदात पुढे आहे ते जास्त महत्त्वाचं: घोडा एकटा ठेवू नका, त्याला रोज मोकळं फिरू द्या, आणि दोन वैरणींमध्ये चार तासांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. मी दुसऱ्याचा तबेला बघायला जाते तेव्हा टेप घेऊन जात नाही. रात्री अकरा वाजता गव्हाणीत काय असतं, एवढंच विचारते. आमच्याकडे रात्रीचं सुकं गवत बारीक जाळीत भरून टांगतो, म्हणजे ते एकदम संपत नाही. दोन ठाणांमधल्या भिंतीला वरच्या बाजूला गज आहेत, शेजाऱ्याला नाक लावता येतं. दिवसातून काही तास प्रत्येक घोडा कुंपणात मोकळा असतो, तेही जोडीने. हे जिथे नाही तो तबेला तुरुंगच आहे, आणि असे तबेले आहेत. तिथे तुमचा राग अगदी योग्य जागी आहे.

आता मोतद्दार. पहाटे साडेचारला दिवे लागतात, पण चंदीची बादली लगेच उचलली जात नाही. आमचा जुना मोतद्दार प्रत्येक दारापाशी थांबून आधी ठाण वाचतो. रात्रीचं गवत किती उरलंय, पाणी किती खाली गेलंय, लीद किती वेळा पडलीय आणि कशी, खाली अंथरलेलं तूस नीट आहे की विस्कटलंय. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे त्याने मला हाक मारली. घोडी उभी होती, डोळे उघडे, बाहेरून बघणाऱ्याला काहीही वावगं दिसलं नसतं. पण तुसात मधोमध खड्डा झाला होता, लीद पडलेली नव्हती आणि ती मान वळवून पुन्हा पुन्हा कुशीकडे बघत होती. त्याने बरगड्यांच्या मागे कान लावला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. घोड्याचं पोट सतत गुरगुरत असतं. त्या दिवशी ते गप्प होतं. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत अडकलं की ते पुढेच सरकायला हवं, नाहीतर जिवावर बेततं. डॉक्टर येईपर्यंत त्याने तिला हळूहळू चालवत ठेवलं, लोळू दिलं नाही. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोटात औषध सोडलं आणि दुपारी दोनच्या सुमाराला तिने लीद टाकली. कारण आम्हाला नंतर कळलं. ओलं गवत गाडीत दाबून आलं होतं आणि आतल्या आत तापलं होतं. तेव्हापासून पावसाळ्यात गवताचा प्रत्येक भारा मोकळा करून, हात आत घालून बघितल्याशिवाय गव्हाणीत जात नाही.

हे ज्ञान कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही. आणि म्हणूनच तुमचा मोतद्दाराच्या पगाराचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो खरा आहे. परदेशातून खोगीर मागवताना आकडा न बघणारे मालक मोतद्दाराच्या पगारात हजार रुपयांसाठी घासाघीस करतात, हे मी डोळ्यांनी बघते. एका माणसाच्या गळ्यात सहा-सात घोडे बांधले, तर तो खरारा उरकतो, लीद काढतो, चंदी ओततो. ठाण वाचायला त्याला वेळच उरत नाही. आमच्याकडे एका माणसाकडे तीनच घोडे असतात, त्याला आठवड्याची सुटी असते आणि त्या दिवसाच्या बदलीचे पैसे आमच्याकडे घोडे ठेवणाऱ्या मालकांच्या बिलात असतात. बिल वाढतं. वाढू दे. पैसा वाचवायचा असेल तर खोगिरावर वाचवावा.

वरातीच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी ठाम असहमत आहे.

वरातीतला घोडा नाचतो तेव्हा त्याचं तोंड उघडं असतं, पाठ खाली खचलेली असते, शेपूट सारखी आपटत असते. अनेकदा तोंडात काटेरी लगाम असतो, ज्यावर १९६५ च्या नियमांनी बंदी आहे आणि जो आजही सर्रास वापरला जातो. पुढे ढोल, मागे माणसं, तोंडात टोचणी. पुढे जाता येत नाही, मागे जाता येत नाही, म्हणून पाय जागच्या जागी उचलले जातात. ड्रेसाजच्या वरच्या पातळीवर जागच्या जागी दुडकी चालण्याचा प्रकार आहे हे खरं, आणि दुरून तो तसाच दिसतो हेही खरं. पण त्यापर्यंत पोहोचायला वर्षं लागतात आणि आमच्या तबेल्यातले बहुतेक घोडे तिथवर कधीच जाणार नाहीत. आम्ही रोज जे करतो ते बघायला कुणी थांबणारही नाही: वीस मीटर व्यासाचं वर्तुळ, चालीतून दुडकी, दुडकीतून चाल, थांबणं, पुन्हा निघणं. दोन्ही बाजूंना सारखं. पाऊण तास. त्यातला पहिला पाव तास नुसती सैल लगामाने चाल.

हे कशासाठी? घोड्याला गळ्याचं हाड नसतं. त्याचं धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये नुसत्या स्नायूंवर तोललेलं असतं, आणि तसंही अंगाचं साठेक टक्के वजन पुढच्याच पायांवर. त्यात आपण पाठीवर बसतो. शिकवलं नाही, तर पाठ खचते, पुढचे पाय झिजतात आणि काही वर्षांत घोडा लंगडा होतो. मागचे पाय पोटाखाली घेऊन, पाठ उचलून, स्वार तोलायला शिकवणं हेच आमचं रोजचं काम. माणूस पाठीवर घ्यायचाच असेल, तर घोड्याला ही तालीम मिळणं हा त्याचा हक्क आहे असं मी मानते. घोड्यावर बसूच नये असं तुमचं म्हणणं असेल, तर ती वेगळी भूमिका आहे आणि मला तिचा आदर आहे. पण मग धनगराच्या घोडीच्या पाठीवरचं ओझंही त्यात धरावं लागेल.

रेसकोर्सवरून आलेला एक घोडा सध्या माझ्याकडे आहे. लगाम ताणला की आणखी जोरात पळायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याला थांबवायला जितकं ओढाल तितका तो पुढे झेपावणार. म्हणून आम्ही ओढणंच बंद केलं. चालीत असताना स्वाराने श्वास सोडायचा, मांड जड करायची, पाय नुसते टेकवायचे आणि हात स्थिर. घोडा पुढेच जातो. पुन्हा तेच. बऱ्याच आठवड्यांनी एक दिवस तो श्वासाबरोबर थांबला. चारही पाय सरळ, मान खाली, आणि त्याने लांब फुरफुरत नाक मोकळं केलं. स्वाराने ताबडतोब लगाम सोडला. त्या घोड्यासाठी तेवढंच बक्षीस होतं, साखर नाही, थोपटणं नाही. त्यानंतर रोज तो स्वतःहून त्या थांबण्याची वाट बघायला लागला.

हे ताकदीचं काम नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा १९५२ सालचा आहे. तोवर ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होतं. हेलसिंकीला ते पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी थेट पुरुषांशी स्पर्धा करून रौप्यपदक मिळवलं. पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्याखालच्या पायांत जीव नव्हता. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. त्यांची टाच त्यांच्या घोडीला लागूच शकत नव्हती.

आणि तरीही या खेळात क्रौर्य नाही असं मी म्हणणार नाही. शार्लट डुजार्डिन ही ब्रिटनची ऑलिंपिक सुवर्णविजेती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर, ती शिकवताना एका घोड्याच्या पायांवर चाबूक ओढत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला, तिने माघार घेतली आणि आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने तिच्यावर वर्षाची बंदी घातली. जबरदस्तीने मान दुमडून हनुवटी छातीला लावायची पद्धत महासंघाने २०१० मध्ये निषिद्ध ठरवली, पण सरावाच्या मैदानावर ती अजून दिसते. नाकपट्टी इतकी आवळतात की घोड्याला जबडा हलवता येत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना नाकपट्टीखाली दोन बोटं घालून दाखवायला लावते, रोज, मैदानात शिरण्याआधी. बोटं गेली नाहीत तर त्या दिवशी स्वारी नाही. पदकांचं कौतुक मलाही आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदिप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, त्या दिवशी तबेल्यात पेढे वाटले. पण कुणाच्या तोंडाच्या कोपऱ्यात रक्त दिसलं, तर पदक देशाचं असलं तरी मी टाळी वाजवणार नाही.

राहिला म्हाताऱ्या घोड्यांचा प्रश्न, जो तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलात आणि जो खरं म्हणजे पहिला असायला हवा. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असताना धावायला लागतो, पाच-सहाव्या वर्षी बहुतेकांचं तिथलं काम संपतं, आणि आयुष्य असतं पंचवीस वर्षांचं, कधी त्याहून जास्त. मधली काही वर्षं तो आमच्यासारख्या ठिकाणी जातो. पुढे? पुढे तो विकला जातो, मग पुन्हा विकला जातो, थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवतो, आणि तुम्ही म्हणता त्या वरातीत उभा राहतो. ही साखळी मी पाहिली आहे. म्हणून घोडा ठेवायला घेताना मालकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि उत्तर करारात लिहून घेते.

सध्या आमच्याकडे दोन म्हातारे आहेत. दोघांचे दात झिजलेत. गवत चघळतात आणि चोथ्याचे गोळे बाहेर टाकतात, त्यामुळे त्यांना लसूणघास बारीक कापून, कोंड्यात भिजवून, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. त्यांच्यावर कुणी बसत नाही. पण सांधे आखडू नयेत म्हणून संध्याकाळी दोघांना हाताने धरून फिरवतो, एकमेकांशेजारी, कारण एक पुढे गेला की दुसरा ओरडतो. एकाचा मालक पैसे नियमित पाठवतो. दुसऱ्याच्या मालकाने फोन घेणं बंद केलं आहे, आणि त्याचा खर्च बाकीचे मालक वाटून घेतात. यावरून दर महिन्याला वाद होतो. म्हणून आता म्हाताऱ्या घोड्यांसाठीची ठरावीक रक्कम बोर्डिंगच्या, म्हणजे घोडा आमच्याकडे ठेवण्याच्या, दरातच धरायची, असं ठरवलं आहे. दोन मालकांनी विरोध केला. त्यांना मी दुसऱ्या तबेल्याचे फोन नंबर देऊन टाकले.