सरळ रेषेत दोनशे मीटर

पत्ता सांगायचा कंटाळा असलेल्या माणसांच्या हाती जीपीएस पडल्यापासून माझ्यासारख्या पाहुण्याचे हाल कुत्रा खात नाही. पूर्वी यजमान निदान 'पिवळ्या भिंतीपाशी डावीकडे वळा' एवढे तरी सांगत. आता ते अक्षांश-रेखांशांचे दोन लांबलचक आकडे धाडतात आणि कर्तव्यातून मोकळे होतात.

आकडेही कोणी दशांशात देतो, कोणी अंश-मिनिटांत, तर काही थोर मंडळी चिन्हे गाळून. २०.३० म्हणजे वीस पूर्णांक तीन दशांश अंश की वीस अंश तीस मिनिटे, हा वाद अक्षांशाच्या बाबतीत जमिनीवर सुमारे २२ किलोमीटरांचा असतो आणि ती पायपीट यजमानाच्या वाट्याला येत नाही. त्यापेक्षा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल करणारे परवडले, कारण अक्षांशाच्या रकान्यात ९० च्या वरचा आकडा पडला की यंत्र निदान हरकत घेते. दशांशचिन्हापुढे आठ-आठ आकडे देणाऱ्यांची जात वेगळीच. पाचव्या आकड्यालाच अचूकता सुमारे एका मीटरवर येते, आठव्याला ती मिलिमीटरवर जाते; यजमान दाराच्या कोणत्या बिजागरीशी उभा आहे, हे कळून मी काय करू?

यंत्राच्या विद्वत्तेबद्दल मात्र शंका नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश ते ऐकते. त्या उपग्रहांवरची आण्विक घड्याळे आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ३८ दशलक्षांश, पुढे धावली असती, म्हणून त्याचीही दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. ही यंत्रणा चालवणारी अमेरिका मे २००० पर्यंत सामान्य नागरिकांसाठीच्या संदेशांत मुद्दाम घोळ घालत असे आणि त्यामुळे शंभरेक मीटरांची चूक सहज होई. ते दिवस बरे होते म्हणायचे. उशीर झाला की महासत्तेवर खापर फोडता येत असे.

इतके सगळे शास्त्र पणाला लावून माझा साधा जीपीएस रिसीव्हर चौकात उभे राहिल्यावर बाण गरगर फिरवतो. त्यात होकायंत्र नसल्यामुळे तोंड कोणीकडे आहे, हे त्याला मी चालू लागल्यावरच कळते. म्हणून कोणत्या दिशेला जायचे हे समजण्यासाठी मी आधी कोणत्या तरी दिशेला तरातरा चालत जातो, थबकतो आणि तितक्याच तत्परतेने परत येतो. पाहणारे हळूच बाजूला सरकतात.

शेवटी 'दोनशे मीटर' असे दिसते तेव्हा ते सरळ रेषेतले, म्हणजे पक्ष्यांसाठीचे असतात. मध्ये तुडुंब भरलेला नाला आहे, ही बाब अक्षांशातही नसते आणि रेखांशातही. पलीकडच्या काठावर येऊन यजमान उत्साहाने हात हलवत होते. मी फोन करून विचारले, "पूल कुठे आहे?"

"थांबा," ते म्हणाले, "पुलाचे आकडे पाठवतो."