शिखरावर जागा धरलेली आहे

परवा कळसूबाईच्या शिखरावर मला एका मोज्याने उठवलं. म्हणजे उठवलं मोज्याच्या मालकाने, पण जागा मोज्याची होती.

बारी गावातून मध्यरात्री निघालो, शिड्यांपाशी रांगेत ताटकळलो, घामाघूम होऊन वर पोचलो. एवढं पुरे. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. देवळामागे पूर्वेकडे तोंड करून एक झकास दगड दिसला, त्यावर टेकलो. गुडघ्यांनी ‘हुश्श’ म्हटल्याचं मला ऐकू आलं.

“काका, तिथे माणूस आहे.”

मी दचकून उठलो. खाली खरंच कुणी चेंगरलं की काय? बॅटरी मारली, तर एक करड्या रंगाचा मोजा.

“हा मोजा आहे,” मी म्हटलं.

“माणूस येतोय. शिडीवर आहे.” हेडलाइटवाला पोरगा पंचविशीचा असेल. त्याने मान वळवली तसा उजेड फिरला आणि मला पूर्ण व्यवस्था दिसली. ओळीने दगडांवर रुमाल, माकडटोपी, पाण्याची अर्धी बाटली, कुणाची तरी चष्म्याची केस. “आमचे सोळा जण आहेत. लीडरने मला पुढे पाठवलं जागा धरायला.”

“अहो, ही काय एसटी आहे?”

“म्हणूनच म्हणतो ना काका. एसटीत निदान पुढच्या स्टॉपला कोणीतरी उतरतं. इथे सूर्य वर येईपर्यंत कोण हलतंय?”

यावर उत्तर नव्हतं, हा माझा खरा संताप. पोरगा उद्धटही नव्हता. त्याने मला राजगिऱ्याची चिक्की दिली. वर समजूत घातली, “तुम्ही मागे उभे राहा, उंच आहात, दिसेल.” एका कमी उंचीच्या बाईंना तो म्हणाला, “मावशी, देवळाच्या पलीकडनं अलंग-मदन-कुलंग बघा, तेही भारी दिसतं.” अलंग-मदन-कुलंग हे किल्ले पश्चिमेला आहेत. मावशी गेल्यासुद्धा.

जिचं हे देऊळ ती कळसू, कथेप्रमाणे, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही या अटीवर कामाला राहिली होती. तेच काम सांगितलं म्हणून ती घर सोडून या डोंगरावर येऊन बसली. तिच्याबद्दल मला आता विलक्षण जिव्हाळा वाटतो. माणसांना कंटाळून राज्यातली सगळ्यांत उंच जागा निवडली, आणि शनिवारी रात्री तिच्या दाराशी पन्नास-पन्नासच्या बसभर टोळ्या! एकाच्या सॅकला लटकलेला स्पीकर पायथ्यापासून ढणढणत होता. हा सगळा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे म्हणे. तिथल्या प्राण्यांना त्या रात्री अभय कुणी दिलं?

पावणेसातच्या आसपास क्षितिज तांबडं झालं. सोळांपैकी एकही वर आला नव्हता. शिडीवर कुणीतरी रील काढत मधेच थांबलं होतं, मागे रांग पार खालपर्यंत, आणि वरच्या लोकांना उतरू दिल्याशिवाय ती हलणार नाही असा पेच. पोरगा फोनवर ओरडत होता, “अरे या ना लवकर, येतोय तो!” जणू सूर्य प्लॅटफॉर्मला लागतोय. रेंज तुटली. दगड मोकळे, त्यांच्यामागे आम्ही पाऊणशे माणसं दाटीवाटीने उभी. मराठी माणूस इतिहासात अनेकांना भिडला असेल, पण रुमालावर बसायची हिंमत कुणाची झाली नाही. माझीही नाही.

सूर्य आला, तो मला एका सेल्फी स्टिकच्या आणि एका कानटोपीच्या मधल्या फटीतून दिसला. साधारण पाव सूर्य. बाकीचा लोकांच्या मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिला. भंडारदऱ्याच्या पाण्यावर ऊन पसरलं तेव्हा जरा बरं वाटलं; तिकडे कुणी काही ठेवलेलं नव्हतं.

लोक पैसे भरून, रजा टाकून, झोप मोडून येतात. आयोजकांनी एका रात्री किती माणसं वर न्यायची याला काही धरबंध नको? खाली सरबतवाल्या मावशी रिकाम्या बाटल्या पोत्यात भरत होत्या, तेही काम त्यांचंच धरून चालायचं.

उतरताना शेवटच्या शिडीपाशी ते सगळे भेटले, एकसारखे लाल टीशर्ट, चेहरे काळवंडलेले. त्यातल्या एकीने विचारलं, “काका, वर गर्दी आहे का हो?”

“छे,” मी म्हटलं, “सोळा जागा रिकाम्या आहेत.”