काका, हळद केव्हा लागली?

माझ्या हातांना दोन रंग आहेत. मनगटापासून कोपराच्या चार बोटं वरपर्यंत एक आणि तिथून खांद्यापर्यंत दुसरा. मधली सीमारेषा शिंप्याने खडूने मारावी इतकी सरळ. गेली बावीस वर्षं अर्ध्या बाहीचे शर्ट ती गिरवत आलेत. डाव्या मनगटावर एक गोरं घड्याळ आहे. खरं काढून ठेवलं तरी ते जात नाही, फक्त वेळ दाखवत नाही.

मी नागपुरात विम्याचा सर्व्हेयर आहे. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, फोटो काढायचे, नुकसानीचा आकडा लिहायचा. या गाड्या कधीच सावलीत उभ्या नसतात. आणि आमच्या गावचं ऊन म्हणजे साधं प्रकरण नव्हे. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. परगावचा पाहुणा आला की तो आकडा आम्ही मुलाचे दहावीचे मार्क सांगावेत तसा सांगतो.

तर थोरलीचं लग्न ठरलं, तेही ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. गुरुजींना मुहूर्त सापडला तो अठ्ठावीस मेचा. घरात दागिने, आचारी, पत्रिका असा क्रम चालू असताना एका रात्री बायकोची नजर माझ्या बनियनवर पडली.

"अहो, कन्यादानाला सोवळं नेसावं लागते. वर उपरणं. हात सगळे उघडे."

"मग?"

"मग काय? फोटोग्राफर त्या वेळी हातांचाच फोटो घेते."

थोरलीने माझे हात उलटसुलट करून पाहिले. "बाबा, कोणाचे तरी उसने आणून लावल्यासारखे वाटतील हो."

धाकटी बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने दुसऱ्याच दिवशी सनस्क्रीनची ट्यूब आणली. मी त्यातलं मटारच्या दाण्याएवढं काढून अंगारा लावतात तसं कपाळाला टेकवलं. तिने डोळे मिटून घेतले. मग मला समजावलं की ट्यूबवर जो एसपीएफचा, म्हणजे ऊन अडवण्याच्या ताकदीचा आकडा असतो, तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थापलं तरच खरा. चेहरा आणि मान मिळून चहाचा एक चमचा, प्रत्येक हाताला एकेक चमचा. आणि उन्हात असलात तर दर दोन तासांनी पुन्हा.

नुकसानीचा हिशोब हा माझा पोटापाण्याचा धंदा. तीन चमचे म्हणजे पंधरा ग्रॅम. सकाळी दहाला, बाराला, दोनला. पन्नास ग्रॅमची ट्यूब दुपारी चारला चपटी! लग्नाला सत्तर दिवस होते. तेवढ्या पैशात पंगतीला आणखी एक गोड पदार्थ वाढता आला असता.

"त्यापेक्षा घरचंच काही नैसर्गिक करू," मी म्हणालो. आमच्याकडे नैसर्गिक म्हणजे स्वयंपाकघरात आधीच असलेलं, म्हणजेच फुकट.

पहिला मान आईचा. खोबरेल तेलाने सुटणार नाही असा प्रश्न देवाने निर्माणच केलेला नाही, असं तिचं मत आहे. धाकटीने तिच्या अभ्यासातून शोधून काढलं की २०१० साली रायपूरच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी खरोखरच वेगवेगळ्या तेलांचा एसपीएफ मोजला होता. खोबरेल सातच्या आसपास, ऑलिव्ह साडेसात. आईने मान डोलावली, रायपूरवाल्यांना हे आत्ता कळलं एवढंच. पण धाकटी पुढे म्हणाली, "आजी, ते तेल अल्कोहोलमध्ये मिसळून यंत्रात मोजलेलं आहे. बाबांच्या हातावर नाही. आणि खरंच सात मिळाला तरी काय? पातळ पांढरा सुती शर्टसुद्धा पाच-सात देतो."

तरी मी तेल लावून निघालो. वाडी नाक्यावर एक ट्रक बघायचा होता. तव्याला तेल लावतात ते तवा थंड व्हावा म्हणून नव्हे, हे तिथे पोचेपर्यंत लक्षात आलं. ट्रकच्या मागे धुळीचा लोट उठला आणि त्यातली अर्धी धूळ माझ्यावर कायमची वस्तीला आली. हेल्मेट कपाळावरून पुढे-मागे घसरत होतं. घरी आलो तेव्हा मी रव्यात घोळवलेल्या माशासारखा दिसत होतो. तळणं तेवढं बाकी होतं आणि तेही बहुधा वाटेतच झालं होतं.

मग बायकोचा नंबर. तिचं माहेर काटोलचं, म्हणजे संत्र्यांचं. सासूबाई दर वर्षी वाळवलेल्या सालींची पूड पाठवतात आणि आम्ही ती दर वर्षी एका डब्यात ठेवून विसरतो. ती पूड, बेसन, हळद आणि सायीचा लेप तयार झाला. हे उटणं वीस मिनिटांनी धुवायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही. माझा सर्व्हेयरी हिशोब असा, की थर जितका जाड तितका बचाव जास्त. लेप तसाच ठेवून मी स्कूटर काढली.

उन्हाळ्यात आमच्या चौकांत सिग्नलच्या वर कधीकधी हिरवी जाळी बांधतात. व्हरायटी चौकात त्या जाळीखाली उभा असताना लेपाला तडे जाऊ लागले. आधी नाकाच्या शेंड्यावर, मग गालांवर. हसायची सोय राहिली नाही. घाम सुटला तसे पिवळे ओघळ हनुवटीवरून कॉलरमध्ये उतरू लागले. शेजारच्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढून मला नीट पाहिलं.

"काका, हळद केव्हा लागली?"

"माझं नाही, मुलीचं लग्न आहे."

"मग तिले लावा ना बावा!"

सिग्नल सुटेपर्यंत तीन दुचाक्यांवरून हसू ऐकू आलं. गॅरेजमध्ये पोचलो तर मालकाने गाडी दाखवायच्या आधी मला बसवलं आणि पोराला उसाचा रस आणायला पिटाळलं. कावीळ उतरते म्हणे. रस मी प्यायलो. फुकट होता, शिवाय नैसर्गिक.

संध्याकाळी बायकोने शर्टाला साबण लावला आणि पिवळी कॉलर बघता बघता लाल झाली. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, आणि साबणही चुन्याच्याच जातीचा, हे तिला ठाऊक होतं म्हणून माझा संसार टिकला. नाहीतर लग्नाच्या तोंडावर नवऱ्याच्या कॉलरवरचा लाल डाग समजावून सांगायला माझ्याकडे दुसरा साक्षीदार नव्हता.

लिंबाचा दोष मात्र सर्वस्वी माझा. खालच्या मजल्यावरचे भाऊ म्हणाले, लिंबाने काळेपणा कटतो. मी सकाळी अर्धं लिंबू दोन्ही हातांना खसाखसा चोळलं आणि घाईत न धुताच बाहेर पडलो. दोन दिवसांनी हातांवर लालसर चट्टे उठले, मग ते तपकिरी झाले. रस मनगटाकडून कोपराकडे ज्या वाटेने ओघळला होता, नेमक्या त्या वाटेने एक काळी रेघ उमटली, नकाशात वैनगंगा दाखवतात तशी. धाकटीने कपाळाला हात लावला. लिंबाच्या सालीत आणि रसात असं काही द्रव्य असतं की ते कातडीवर असताना ऊन लागलं, तर कातडी भाजल्यासारखी होते. डाग जायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

"म्हणजे आता तीन रंग?" थोरलीने विचारलं.

यानंतर धाकटीनेच सूत्रं हातात घेतली आणि झिंक ऑक्साइडचं नाव काढलं. क्रिकेटवाले नाकाला-ओठांना पांढरंफटक फासतात ना, ते. कातडीवर बसून राहतं आणि ऊन तिथेच अडवतं. वैद्य देतात ते यशद भस्म म्हणजेसुद्धा बहुतांशी हेच, असं ती म्हणाली, आणि तिथेच तिची चूक झाली. भस्म म्हटल्यावर ते माझ्या लेखी नैसर्गिक ठरलं. तयार मलम घ्या, घरी कालवलं तर गुठळ्या होतात, असं ती सांगत होती. "जिथे गुठळी तिथे छत्री, बाकी सगळं उघडं." मी ऐकेन तर शपथ! पावडर आणून खोबरेलात कालवली, चेहऱ्याला फासली आणि आरशात पाहून अॅलन बॉर्डरचा भाऊ शोभतो की काय, असा विचार करत होतो. तेवढ्यात बेल वाजली.

दारात व्याहीबुवा. मानपानाची यादी घेऊन आले होते, न कळवता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नंतरची सगळी बोलणी माझ्या डोक्यामागच्या कॅलेंडरशी केली. चहा अर्धाच प्यायले. यादीतून दोन वस्तू त्यांनी आपणहून कमी केल्या. त्यामागे दया होती की भीती, ते मी अजून विचारलेलं नाही. झिंकचा एवढा एक फायदा मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

शेवटी एप्रिलमध्ये मी शरण गेलो. बायकोचा जाड सुती दुपट्टा डोक्याला, तोंडाला, मानेला गुंडाळला, गडद रंगाचे पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवून घेतले, हातमोजे चढवले. चौकात उभा राहिलो की निम्म्या गावासारखाच मीही फक्त दोन डोळे झालो. परवा तर त्या ऑटोवाल्याच्या शेजारीच उभा होतो. त्याने ओळखलं नाही. शिवाय दुपट्टा दर दोन तासांनी नव्याने विकत घ्यावा लागत नाही.

लग्नाच्या दिवसापर्यंत वैनगंगा पुसट झाली होती. हातांची सीमारेषा होती, पण भांडण मिटलेल्या दोन भावांच्या बांधाएवढी. घड्याळ जवळपास बंद पडलं होतं. सोवळं नेसून, उपरणं सावरून मी मंडपात निघालो तेव्हा बायकोने माझ्याकडे आनंदाने पाहिलं. थोरलीने पाटावरूनच अंगठा दाखवला. फोटोग्राफर पुढे सरसावला.

मी पाटाजवळ पोचलो तशी गुरुजींनी चष्म्याच्या वरून माझ्या पायांकडे पाहिलं आणि माइकमधून म्हणाले, "यजमान, चपला मंडपाबाहेर काढून या."

मी अनवाणीच होतो.