वळायचं की समोर जायचं, हे जमिनीवरच ठरवा

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की उड्डाणानंतर इंजिन गेलं तर ‘कधीच मागे वळू नका’ हा माझा सल्ला जुना झाला, कारण अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेनेच २०१८ साली परिपत्रक काढून मागे वळणं शिकवायला सांगितलं. शिवाय कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला हॉलिवूड अभिनेता हॅरिसन फोर्ड वळला म्हणूनच वाचला.

‘कधीच’ हा शब्द चुकला, लेखात तो काढला आहे. पण ते परिपत्रक प्रशिक्षकांना ‘कधी आणि कसं’ वळायचं ते शिकवायला सांगतं. तुम्ही त्यातलं ‘कधी’ सोडून दिलंत.

५ मार्च २०१५ला फोर्डच्या जुन्या रायन विमानाच्या कार्ब्युरेटरमधला (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं तोंड, आट्यातून सुटला, मिश्रणात पेट्रोल बेसुमार वाढलं आणि इंजिन गेलं. तो धावपट्टीकडे वळला, हे खरं. पण पोचत नाही हे कळताच त्याने धावपट्टीचा नाद सोडला आणि गोल्फच्या मैदानाकडे विमान नेलं. झाडाचा शेंडा लागला, जबर जखमी झाला, पण वाचला. माझ्या मते तो वाचला नाद सोडल्यामुळे.

मी उडवतो ते छोटं सेसना १७२ विमान घ्या. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर असताना ते साधारण ४८ नॉटला स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. वळताना एका बाजूला ६० अंश कलवलं आणि उंची राखायला नाक ओढून धरलं की हाच आकडा ६८ होतो. इंजिनाविना तरंगायचा वेगही ६८च! धावपट्टी हुकतेय असं वाटून माणूस नेमकं हेच करतो. त्यात १८० अंशांत भागत नाही, पुन्हा धावपट्टीच्या रेषेत येईपर्यंत एकूण वळण २७०च्या आसपास जातं.

मी प्रशिक्षकाला शेजारी बसवून ४,००० फुटांवर हे करून पाहिलं. चढताना थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतला आणि चार सेकंद मुद्दाम काहीच केलं नाही, कारण खऱ्या प्रसंगी तेवढा वेळ डोकं सुन्न असतं. तेवढ्यात वेगाचा काटा घसरला, नाक खाली ढकलावं लागलं. ४५ अंश कलवून वळलो, सरळ होईपर्यंत साडेपाचशे फूट गेले. त्यात निम्मे आणखी धरून मी साडेआठशे फूट हा आकडा ठरवला. आता दर उड्डाणाआधी मोठ्याने म्हणतो, “साडेआठशेच्या खाली समोर.”

‘समोर घरं असतील तर?’ हा तुमचा प्रश्न अगदी रास्त. समोर म्हणजे फक्त नाकाच्या रेषेत नव्हे. डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे मोकळं असेल ते. शेत, वाळू, रिकामं पार्किंग. उपग्रहचित्रात आधीच हेरून ठेवा.

प्रशिक्षकासोबत पुरेशा उंचीवर तुम्हीही करून पाहा. किती फूट गेले ते इथे लिहा, विमान कोणतं आणि वजन किती होतं तेही.