रेडिओ व्हर्चुअल झाला, हवा कुठे झाली?

"क्लाउडमध्ये एका सर्व्हरवर पन्नास जण नांदतात, मग वायरलेस टेस्टबेडवर, म्हणजे रेडिओ प्रयोगांच्या सामायिक मांडणीवर, अजून स्लॉट बुक करून रांगेत का थांबायचं? व्हर्चुअलाइझ करा, म्हणजे एकाच यंत्राचे अनेक आभासी भाग पाडा, सगळ्यांना एकदम चालवू द्या." नेटवर्किंगच्या विद्यार्थ्यांत हा दावा बराच फिरतो. बोट दाखवलं जातं ते न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या ऑर्बिट टेस्टबेडकडे. तिथे २० बाय २० च्या जाळीत, साधारण मीटरभर अंतरावर ४०० नोड, म्हणजे रेडिओ बसवलेले संगणक, आहेत. मोठी जाळी एकाने घेतली की बाकीचे बाहेर. दावेकऱ्यांच्या मते हा शुद्ध अपव्यय.

"सर्व्हर वाटता येतो, तसाच रेडिओ." नाही. प्रोसेसर कुणाला किती द्यायचा हे हायपरव्हायझर, म्हणजे आभासी भाग सांभाळणारा प्रोग्राम, ठरवतो. हवेवर त्याची सत्ता चालत नाही. शेजारच्या नोडवर दुसऱ्याचा प्रयोग सुरू झाला की तुमच्या नोडला चॅनल व्यस्त दिसतो आणि तो गप्प बसतो. व्हर्चुअल मशीन वेगळ्या असून उपयोग काय?

"मग वेगवेगळे चॅनल द्या." हे रास्त आहे, पण २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११, एवढेच. ५ गिगाहर्ट्झमध्ये जास्त मिळतात; तरी मीटरभरावरचा रेडिओ जोरात बोलला की शेजारच्या चॅनलवरही सांडतो. शिवाय साधं वायफाय कार्ड एका वेळी एकाच चॅनलवर असतं. तेच दोघांत आलटून पालटून वापरलं, तर एकाची पाळी संपेपर्यंत दुसऱ्याची पॅकेट पडून राहतात. विलंब मोजायला आलेल्याने मग काय मोजलं?

"सगळ्यांना समान वाटा दिला की भांडण मिटलं." खरी मेख इथे आहे. समान काय, पॅकेट की वेळ? १५०० बाइटची फ्रेम म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला ५४ मेगाबिटने ती ०.२२ मिलिसेकंदात जाते, ६ मेगाबिटने २ मिलिसेकंद घेते. दोघांनी आळीपाळीने एकेक फ्रेम पाठवली, तर इतर ओव्हरहेड सोडूनही दोघांच्या हाती येतात सेकंदाला प्रत्येकी ५.४ मेगाबिट. वेगवान स्लाइसवाला (स्लाइस म्हणजे वाटून मिळालेला हिस्सा) २७ ची आशा धरून बसलेला असतो. दोष त्याच्या प्रोटोकॉलचा नाही, शेजाऱ्याच्या संथ लिंकचा आहे. पण आलेखात तो याच्या नावावर पडतो. म्हणून वाटायचा असतो तो हवेतला वेळ, आणि तो मोजून आवरणारं कुणीतरी मधे लागतं. वायमॅक्स या वायरलेस इंटरनेट तंत्राच्या बेस स्टेशनवर रटगर्सच्याच विनलॅब प्रयोगशाळेने स्लाइस पाडून दाखवले. तिथे कुणी कधी बोलायचं हे बेस स्टेशनच ठरवतं, त्यामुळे काम तुलनेने सोपं होतं.

"नव्या टेस्टबेडनी हा प्रश्न सोडवला." बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाकडे असलेल्या कलोसियमचं नाव यात येतं. तिथे खरोखर एकाच वेळी अनेक प्रयोग चालतात, कारण तिथे अँटेना हवेत बोलतच नाहीत. मधली हवाच एम्युलेटर, म्हणजे हुबेहूब नक्कल करणारं यंत्र, गणित करून बनवतो. वायफाय शिकवण्यासाठी, ॲप तपासण्यासाठी खऱ्या हवेतला टेस्टबेडही वाटून घ्या की, कोण अडवतंय? पण कलोसियममध्येसुद्धा प्रयोगकर्त्यांसाठीचे रेडिओ नोड १२८च आहेत, आणि तेही आरक्षण करूनच मिळतात.