होऊ घातलेल्या सरपंचपतींसाठी

राव, वाईट वाटून घेऊ नका. पाच वर्षं सप्त्याच्या पंगती उठवल्यात, लग्नामयतीला कुठे चुकला नाहीत, आणि आरक्षण सोडतीत शाळकरी पोरानं उचललेल्या चिठ्ठीवर निघालं ‘सर्वसाधारण महिला’. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. आज ना उद्या हे व्हायचंच होतं. घरात बायको आहे ना? मग झालं तर.

आधी बॅनर. तुमचा फोटो गॉगलसकट मोठा, तिचा आधार कार्डावरचा चालेल. दोन्ही हात जोडलेली हवी, म्हणजे हातात दुसरं काही येत नाही.

निवडून आल्यावर उतावीळपणा नको. छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात मार्च 2025 मध्ये पंच, म्हणजे पंचायतीच्या सदस्य, म्हणून निवडून आल्या सहा बायका आणि शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी. व्हिडिओ देशभर फिरला. इतकं उघड कशाला करायचं? शपथ तिलाच घेऊ द्या. हार, पेढे, फोटो, सगळं तिचं.

तुम्ही फक्त डोंगल घ्या. वित्त आयोगाचा पैसा निघतो तो सरपंच आणि ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीनं, आणि सरपंचाची सही त्या पेनड्राइव्हएवढ्या डबीत असते. डबी तुमच्या शर्टाच्या खिशात, पिन तुम्हाला पाठ, ओटीपीला दिलेला मोबाइल नंबरही तुमचाच. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत असते तेव्हा तिच्या सहीनं देवळापुढे पेव्हर ब्लॉक मंजूर होतात. तिला कळतं, त्यातल्या एका उखडलेल्या ब्लॉकला ठेच लागल्यावर.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. ती कागदावर घ्या. रजिस्टर शिपायाकडून घरोघर फिरवलं की उपस्थिती भरपूर. बायका खरोखर जमल्या तर अवघड आहे. आधी नळ निघतो, मग गटार, मग कुणीतरी दारूच्या दुकानाचं काढतं. गावातल्या निम्म्या महिला मतदारांनी मनावर घेतलं तर बाटली आडवी होते, आणि दुकान कुणाच्या मेव्हण्याचं आहे ते मी इथं कशाला सांगू.

तिला प्रशिक्षणाला एकटीला तर मुळीच पाठवू नका. एकटी गेलेली बाई परत येऊन कॅशबुक मागते. मग ग्रामसेवक खुर्चीवरून उठून ‘मॅडम’ म्हणायला लागतो आणि तुम्ही उरता चहा सांगायला.

वरचं टेन्शन घेऊ नका. विधानसभेत 2024 ला 288 पैकी 21 बायका निवडून आल्या, आणि 1960 पासून एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही. विधानसभा-लोकसभेत एकतृतीयांश जागांचा कायदा 2023 ला झाला खरा, पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना आणि मग आरक्षण, असं त्यातच लिहिलंय. तोवर तुमचा धाकटा लग्नाला येईल.

त्याला मुलगी बघताना मात्र पत्रिकेआधी जातवैधता प्रमाणपत्र बघा. राखीव जागेला सुनेचे माहेरचेच कागद लागतात. शिकलेली असली तरी चालेल, फक्त स्वतःचा मोबाइल नंबर पाठ नसलेली बरी.